कूलर बंद कर

अकरा वर्षं या घरात नसलेला माणूस
मे महिन्यातल्या रविवारी विचारतो,
जिरं कुठंय?
डब्यावर लिहिलंय, मी म्हणते.
लिहिलेलं नाही. मला माहीत असतं,
म्हणून कधी लिहिलंच नाही.

मोमिनपुऱ्यातून खिमा आणलाय त्यानं, दोनदा काढलेला,
पातीच्या कांद्याच्या तीन जुड्या, अंडी, मैदा.
सांभार नको म्हणाला.
नागपुरात जन्मून सांभार नको म्हणणारा
मी पहिल्यांदाच पाहिला.
तिकडे एक चपटी पात असते, लसणाच्या वळणाची,
ती गोकुळपेठेतही विचारून आला. नाही मिळाली.

मुतब्बक, तो म्हणतो. म्हणजे घडी घातलेलं.
जेद्द्यात सालेम करायचा, शुक्रवारी,
सहा खाटांच्या खोलीत एकाच शेगडीवर.
सालेम येमेनचा, याच्यासारखाच एसी दुरुस्त करणारा.
हे नाव मी आज ऐकते आहे.
फोनवर आम्ही पैसे पोचले का ते बोलायचो,
पोरीची फी, आणि गच्चीवरची टाकी,
जी अजून गळते.

गोळे दोन तास तेलात बुडवून ठेवले.
मग ओट्याला तेल, हातांना तेल, आणि
कूलर बंद कर, म्हणाला, वाऱ्यानं पीठ पापुद्रा धरतं.
सेहेचाळीस डिग्री बाहेर, इंदोऱ्यात.
मी बटण दाबलं. घरघर थांबली
आणि त्याचा श्वास ऐकू आला.

पहिला गोळा फाटला.
दुसरा मधोमध गेला.
तिसरा ओट्याला असा धरला की सुरीनं खरवडला.
बाबा, आलूचा पराठाच करा ना, पोरगी म्हणाली.
तो हसला नाही.

तेव्हा मी खालच्या पंचफुलाबाईंना हाक मारली.
लग्नाकार्यात लांब रोट्या करतात त्या,
चुलीवर उलथं मडकं, आणि हातावर
कोपरापर्यंत झुलणारं पीठ.
बाईंनी गोळा बोटानं दाबून पाहिला.
हे काय व्हय?
अरबी रोटी, मी म्हटलं.
मंग मैदा काऊन? त्याईच्याकडं गहू नाही का?
आणि कोणाला न विचारता चौथा गोळा उचलला.
ओढला नाही, आपटला नाही.
ओलं लुगडं निथळत धरावं तसा सोडला खाली,
आपल्याच वजनानं रुंद होऊ दिला,
ओट्यावर टेकवला तेव्हा
फरशीवरचा जुना हळदीचा डाग
त्यातून दिसत होता.
भोकाले भेतं तू, म्हून फाटते, बाई म्हणाल्या.
पडलं तं पडू दे. घडीत झाकून जाते.

हंसराजनं मधे सारण पसरलं, वर अंडं, मिरपूड.
डावी बाजू. उजवी. खालची.
वरची घालताना जरा थांबला.
मग तवा, उलथन्यानं दाबून, कडा करकरीत होईस्तोवर.

सालेमचं काय झालं, मी विचारलं.
विमानतळावर आला होता सोडायला.
चार दिले कागदात बांधून, गरम.
मशीनवाल्यानं उघडायला लावले.
पुन्हा बांधताना दोन तुटले.
मग?
मग तिथंच बसून खाल्ले. चारही.
तुमच्यासाठी आणायचे होते.

खजुराची दोन किलोची पाकिटं आणली होती त्या वेळी,
चॉकलेटं, एक घोंगडी, पोरीला मोबाईल.
हे त्याच्या बॅगेत नव्हतं,
आणि मी बॅग तीनदा उलटी केली होती.

पंचफुलाबाईंनी पहिला तुकडा मोडला, फुंकला,
बराच वेळ चावला.
चांगलं आहे बाप्पा. पण सांभार पाहिजे होता.
एक गोळा उरला होता.
हंसराज फ्रिजकडे गेला. वरचा कप्पा उघडून पाहिला,
मग दारातला.
सांभार खाली होता, ओल्या पेपरात.
त्यानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.